एक्स-रेवर कापलेली वेल

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही.

पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या घरात, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, एका रविवारी संध्याकाळी याची सुरुवात झाली. हे सगळं मला तिनेच सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यांत, मधेच उठून जात. नावं लिहायची नाहीत ही तिची अट. मी तिला ताई म्हणते, इथेही तेच म्हणेन. तिचा नवरा म्हणजे माझे भाऊजी. आणि त्यांची एकुलती एक लेक, पहिलीतली, तिला सगळे चिंगी म्हणतात.

मागच्या खोलीत ताईच्या सासूबाई राहायच्या. राहायच्या म्हणजे अंथरुणातच असायच्या. छातीचा जुना विकार. आडवं झालं की श्वास लागायचा, म्हणून पाठीला उशा लावून, भिंतीला डोकं टेकवून बसायच्या. बसल्या बसल्या झोपायच्या. खोकला असा की ऐकणाऱ्याच्याच बरगड्या दुखाव्यात.

आणि एकच मागणं.

"सुनबाई, खिडकी उघड गं. जीव कोंडतोय."

खिडकी रस्त्यावर उघडायची. उघडली की धूळ. ताईला धुळीचा भारी तिटकारा. ती खिडकी लावून घ्यायची आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणायची, "झालं, यांचं नाटक सुरू!"

ताई माझी लाडकी आहे, पण खरं ते खरं. म्हातारीच्या बाबतीत तिचं काळीज दगडाचं होतं. शेवटच्या संध्याकाळीही त्यांनी हाक मारली होती. ताईने टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढची हाक आलीच नाही.

थंडी सरल्यावर खोली चिंगीला द्यायची ठरली. पलंग गेला, उशा गेल्या, औषधांचा वास गेला. राहिला फक्त भिंतीवरचा डाग. म्हातारीचं डोकं टेकून टेकून तेल मुरलं होतं तिथे. रंगाऱ्याने खरवडलं, पुट्टी भरली, वर रंगाचे हात दिले. डाग पुन्हा वर आला. रंगारी वैतागून म्हणाला, "ताई, हा काही जायचा नाही. वर एखादी नक्षी काढून टाका. नजर नक्षीवर जाते, डागावर जात नाही."

नक्षी म्हटल्यावर ताईला हुरूप आला. ती एका छापखान्यात कटिंगच्या टेबलावर काम करते. कागद असो, पुठ्ठा असो, तिच्या हातातल्या कटरला कधी दुसऱ्यांदा फिरावं लागत नाही. विकतचं स्टेन्सिल, म्हणजे नक्षीचा कापलेला साचा, आणायला ती काय वेडी होती? छापखान्यात जुने लोक स्टेन्सिल एक्स-रेच्या फिल्मवर कापायचे, हे तिने पाहिलं होतं. फिल्म चुरगळत नाही, खाली रंग झिरपू देत नाही, धुतली की पुन्हा नवी.

आणि एक्स-रे घरातच होते. कपाटाच्या वरच्या फळीवर, मोठ्या पाकिटात.

भाऊजींनी पाकीट पाहिलं. "अगं, आईचे आहेत ते."

"मग? आता कुणाला दाखवायचेत?"

भाऊजी बाजूला झाले. ते तसेही कधी बोलत नाहीत, तो त्यांचा स्वभाव.

ताई हसत म्हणाली, "जिवंतपणी घरात इकडची काडी तिकडे केली नाही त्यांनी. आता तरी उपयोगी पडू देत!"

तिने सगळ्यांत मोठी फिल्म निवडली. छातीची, समोरून काढलेली. खिडकीच्या काचेला धरली तर सगळं स्वच्छ दिसत होतं. दोन्हीकडच्या फासळ्या, मधला कणा, जरा वाकडा. उजवीकडची एक फासळी मोडून वेडीवाकडी जुळलेली होती. सासूबाई बाथरूममध्ये पडल्या होत्या, तेव्हाची.

ताईला वेल काढायची होती. फासळ्यांची वळणं आयतीच होती. तिने त्यांच्यावरूनच वेल कापली. मोडक्या फासळीपाशी कटर अडखळला, म्हणून तिथे वेलीला एक गाठ दिली. चिंगीला पाखरू हवं होतं. जिथे काळजाची पांढरी सावली होती, तिथे पाखरू कापलं.

रविवारी दुपारी भिंत रंगवायला घेतली. फिल्म चिकटपट्टीने भिंतीला लावायची. स्पंज रंगात बुडवून वर्तमानपत्रावर टिपून घ्यायचा. मग हलक्या हाताने ठपठप. फिल्म काढायची, पुढे सरकवायची, पुन्हा ठपठप. चिंगी वाटी धरून उभी होती, नाकाच्या शेंड्यालाही रंग. संध्याकाळपर्यंत भिंतभर वेल चढली. डाग कुठे होता ते शोधूनही सापडेना.

"आई, किती मस्त!" चिंगी म्हणाली आणि भिंतीला गाल लावून उभी राहिली.

मग हळूच म्हणाली…

"आई, ऐक ना. वेल घोरतेय."

ताई हसली. "वेल कधी घोरते का गं, वेडाबाई?"

पण झोपायला जाताना तिने स्वतःच कान लावला.

आत काहीतरी खुरखुरत होतं.

खुर्र… थांबायचं… पुन्हा खुर्र…

पाण्याचा पाइप असेल, असं म्हणून ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आली, तर मागच्या खोलीची खिडकी सताड उघडी. तिने लावली. तिसऱ्या दिवशी पुन्हा उघडी. चिंगी शाळेत, भाऊजी कामावर, घराला कुलूप. तिने खिडकीच्या कडीला दोरी बांधली. संध्याकाळी येऊन पाहते तर खिडकी उघडी, आणि दोरी…

दोरी नीट घडी करून उंबऱ्यावर ठेवलेली.

सासूबाई असंच करायच्या. सुटलेली दोरी, रिकामी पिशवी, काहीही असो, घडी घालून ठेवायच्या.

त्या संध्याकाळी ताईने खोलीतला पंखा बंद केला, दार लोटलं आणि आवाज नेमका कुठून येतो ते शोधायला उभी राहिली. भिंतीला कान लावला. भिंत गप्प होती.

आवाज पाठीमागून येत होता.

दारामागे खिळ्याला ते स्टेन्सिल टांगलेलं होतं. वारा नव्हता. पंखा थांबलेला. आणि ती फिल्म…

ती फुगत होती आणि बसत होती.

फुगत होती आणि बसत होती.

ताईने हात पुढे केला. वेलीच्या फटींमधून तळहातावर ऊबदार, ओलसर हवा आली. ती किंचाळली नाही. मला म्हणाली, "किंचाळायला तरी श्वास लागतो गं. माझाच अडकला होता."

तिने भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "टाकून दे ते."

"आणि टाकलं म्हणून त्यांनी राग धरला तर?"

स्टेन्सिल खिळ्यालाच राहिलं. फाडायची हिंमत होईना, घरात ठेवायचीही होईना. चिंगीला मात्र कुणी काही सांगितलं नाही. तिची झोपायची जागाही बदलली नाही. लेकीला आपली खोली हवी होती, आणि आईला वाटलं, म्हातारीचा राग काय तो माझ्यावर, नातीला ती कशाला काही करील? नात म्हणजे तिचा जीव की प्राण.

त्याच आठवड्यात चिंगीला खोकला सुरू झाला.

आधी साधाच. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी खापर रंगाच्या वासावर फोडलं आणि औषधाची बाटली दिली. पण खोकला उतरेना. एका संध्याकाळी ताई कणीक मळत होती. आतून खोकला आला आणि तिचे हात परातीतच थांबले.

तीन आखूड ठसके. मग एक लांब. आणि शेवटी, "आई गं…"

हा खोकला तिने वर्षानुवर्षं ऐकला होता.

ती धावत गेली. चिंगी पलंगावर बसली होती. पाठीला उशा लावून, डोकं भिंतीला टेकवून. डोळे मिटलेले.

"आडवी हो ना बाळा."

"नको. आडवं झालं की श्वास लागतो."

ताईने तिला पोटाशी धरलं. त्या एवढ्याशा छातीत खुरखुर चालली होती. खुर्र… थांबायचं… पुन्हा खुर्र…

आणि दारामागची खुरखुर?

ती थांबली होती.

ताई स्टेन्सिलजवळ गेली. फिल्म अजून हलत होती, पण अगदी हलकी. त्यातून येणारा श्वास आता बारीक होता, स्वच्छ होता. नाकात किंचित शीळ घालणारा. असा श्वास तिने रोज ऐकला होता. कुठे, ते तिच्या अगदी तोंडाशी आलं होतं. पण तिने आठवू दिलं नाही. तिला वाटलं, उतरतंय बहुतेक. म्हातारी शांत होतेय.

माणूस घाबरला की स्वतःला कसं गंडवतो बघा.

दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या टेलर काकू ब्लाउज द्यायला आल्या. घरीच शिवणकाम करणाऱ्या, बोलक्या, मायाळू बाई. चिंगीला बघायला म्हणून मागच्या खोलीत गेल्या आणि भिंत बघून गालाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अय्या! हे कुणी काढलं गं?"

"मीच."

"हात सोन्याचे आहेत बाई तुझे! मला दे ना ते स्टेन्सिल. माझ्या मशीनमागची भिंत अगदी भकास दिसते."

ताईला क्षणभर सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण घरातली ब्याद आपल्या पायांनी चालत बाहेर निघाली होती, तिला कोण अडवील? तिने स्टेन्सिल खिळ्यावरून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि काकूंच्या हातात दिलं.

"घेऊन जा. परत नाही दिलंत तरी चालेल."

काकू जिना चढू लागल्या. ताईने दार लावलं. आणि लावता लावता तिला ऐकू आलं…

"आई… मला कुठे नेतायत?"

ती मागच्या खोलीत धावली. चिंगी उशांना टेकून झोपली होती. तोंड मिटलेलं.

आवाज जिन्यातून आला होता.

ताईने दार पुन्हा उघडलं नाही. मला हे सांगताना तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. कान वाजले असतील, असं तेव्हा तिने स्वतःला सांगितलं होतं.

पुढे चिंगीचं अंग उतरत गेलं. दोन पायऱ्या चढली तरी धाप. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून आणायला सांगितलं. भाऊजींना सुट्टी मिळेना, ताई एकटीच तिला घेऊन गेली.

एक्स-रे सेंटरमधल्या मुलाने फोटो काढला, पडद्यावर पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा काढला. मग आत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आला. त्या पडद्याकडे बघत राहिल्या, मग बाकावर बसलेल्या चिंगीकडे.

"हिचाच फोटो काढलास ना?"

"मॅडम, इथे दुसरं कुणी आलेलंच नाही."

"मग हा कुणाचा? कणा बघ. हाडं किती झिजलीत बघ. ही सत्तरीतली बाई आहे."

ताई उठून पडद्यापाशी गेली. तिला कुणी अडवलं नाही.

दोन्हीकडच्या फासळ्या. मधला कणा, जरा वाकडा. आणि उजवीकडे एक मोडून वेडीवाकडी जुळलेली फासळी. ते वळण ती डोळे मिटूनही ओळखू शकली असती. तिथेच तिचा कटर अडखळला होता.

पण ही छाती कुठेच कापलेली नव्हती. वेल नव्हती, पाखरू नव्हतं. अख्खी होती.

सासूबाई त्या फिल्ममधून अख्ख्या बाहेर आल्या होत्या. चिंगीच्या आत बसल्या होत्या.

मग त्या कापलेल्या फिल्ममध्ये आता…

नाकात किंचित शीळ घालणारा तो श्वास कुणाचा, ते तिला त्या क्षणी आठवलं. जे आठवू दिलं नव्हतं, ते.

तिने तिथूनच काकूंना फोन लावला. चौथ्या रिंगला काकूंनी उचलला.

"काकू, ते स्टेन्सिल कुठाय?"

"हे काय, माझ्या हातात! शंभर वर्षं आयुष्य आहे बघ तुला. धाकटी बहीण आलीये ना माझी, तिलाही हवंय. थांब, फोन स्पीकरवर ठेवते, हात गुंतलेत."

"काकू, त्याला काही करू नका. मी येतेय. तसंच ठेवा—"

"अगं, मोठं फार आहे ते. मधोमध दोन करते. अर्धं तिला, अर्धं मला. खडूने रेघसुद्धा मारून ठेवलीये."

"कापू नका! काकू, नका कापू!"

"तुझा आवाज फुटतोय गं. " मग बहिणीला, "मशीन बंद कर गं जरा, काही ऐकू येत नाही…"

फोनमधून कात्रीचा आवाज आला.

सरळ, न थांबता, एका ओढीत.

बाकावर चिंगी ताठ झाली. तिचं तोंड उघडलं, पण त्यातून काहीच आलं नाही. रडणंही नाही, खोकलाही नाही. ती एका कुशीवर कलंडली, आणि फ्रॉकच्या गळ्यातून ताईला दिसलं…

गळ्यापासून खाली, छातीच्या बरोब्बर मधून, बारीक लाल रेघ उमटत चालली होती.

"झालं बघ!" काकू फोनवर म्हणत होत्या. "कालच धार लावून आणलीये कात्रीला. लोण्यासारखं कापलं गेलं. बोल आता, काय म्हणत होतीस?"

चिंगी जगली. ते आधी सांगून टाकते.

एका बाजूचं फुप्फुस मिटलं, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. असं होतं कधीकधी, म्हणाले. त्या विचित्र फोटोबद्दल म्हणाले, मशीनची गडबड. पुन्हा काढूया का, असं विचारलं. ताई आणि भाऊजी एकाच वेळी नको म्हणाले.

त्या दिवशी भाऊजी दवाखान्यातून थेट काकूंकडे गेले. काकूंच्या वाटचा अर्धा तुकडा टेबलावर होता. बहीण तिचा अर्धा घेऊन गावी निघून गेली होती. आठवडाभराने तिचा फोन लागला, तर म्हणाली, "अहो, माझी भिंत झाली रंगवून. शेजारणीने मागितलं, तिला दिलं." शेजारीण म्हणाली, तिने भाचीला दिलं. भाचीला आठवेना. अशी वस्तू कोण लक्षात ठेवतं? भाऊजी तीन गावं फिरून आले. कधी न बोलणारा माणूस, अनोळखी घरांच्या दारात हात जोडून उभा राहिला. काही हाती लागलं नाही.

जो अर्धा मिळाला, तो मी स्वतः पाहिलाय. ताईने तो दोन काचांमध्ये घालून कपाटात ठेवलाय. खिडकीच्या उजेडात धरला की फासळ्या दिसतात. काडेपेटीच्या काड्यांएवढ्या, नाजूक. प्रत्येकीवरून कापलेली वेल. काचेला कान लावला तर आत काहीच हलत नाही.

पाखरू दुसऱ्या अर्ध्यात आहे.

चिंगी आता घरातच असते. बसून झोपते. कधीकधी ताईकडे इतकं थंड, ओळखीचं बघते की ताई नजर खाली घालते. "खिडकी उघड" असं ती म्हणाली, की ताई हातातलं काम टाकून धावते. मध्यरात्र असो, वावटळ असो. घरभर धूळ असते, कुणी पुसत नाही. सत्तरीतली झिजलेली छाती अशी किती दिवस पुरणार, हा प्रश्न त्या घरात कुणी मोठ्याने विचारत नाही.

हे सगळं मी इथे लिहितेय, कारण माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. तुमच्या घरात, तुमच्या ओळखीत, कुणाकडे काळपट निळ्या फिल्मचं अर्धं स्टेन्सिल असेल, वेलीचं, एक कड सरळ कापलेली आणि त्या कडेजवळ पाखरू, तर ते धुऊ नका. कापू नका. कुणाला देऊ नका. मला कळवा. आम्ही येऊन नेऊ, अगदी कुठेही.

ते कुठेतरी आहे, आणि कुणीतरी ते वापरतंय, हे आम्हाला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात मी तिथे होते. दुपारची वेळ. चिंगी उशांना टेकून चित्राचं पुस्तक चाळत होती. एकदम पुस्तक तिच्या हातातून गळालं. ती शहारली. दोन्ही हात छातीवर घेतले.

"आई… गार लागतंय. कुणीतरी रंग लावतंय."

हा आवाज चिंगीचा होता. तिचा स्वतःचा, पूर्वीचा. ताई झडप घालून तिच्याजवळ गेली, तिचा चेहरा ओंजळीत धरला. "चिंगे! कुठे आहेस तू? कुणाचं घर आहे? भिंत कुठल्या रंगाची? सांग बाळा, काय दिसतंय तुला?"

चिंगी म्हणाली…

"काही नाही दिसत. त्यांनी माझं तोंड भिंतीकडे केलंय."

मग ठपठप थांबेपर्यंत ती रडत राहिली. तो आवाज आम्हा दोघींनाही ऐकू येत होता.